समोरचं मॅचिंग सेंटर

२ ऑक्टोबर

उद्या घट बसायचे आणि साऱ्या इंदापुरातल्या बायकांना आजच आठवलंय की आपल्याकडं राखाडी ब्लाउज नाही. हे नऊ दिवसांचे नऊ रंग कुणी काढले देव जाणे, पण आमच्यासारख्यांची दुकानं त्यावर चालतात. सकाळपासून प्रतिक्षाचे पाय मशीनवर. "आत्या, एवढे हुक लावा," म्हणत ती माझ्याकडं एकेक ब्लाउज सरकवते आणि मी लावत बसते.

दुपारी राखाडी कापडच संपलं. समोर माऊलीचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, ब्लाउजपीस, सगळं आम्ही तिथूनच घेतो. त्याच्याकडंही संपलेलं. त्यानं लगेच शटर ओढलं, मोटारसायकल काढली आणि दिवेलागणीच्या आत बारामतीहून अख्खा तागा घेऊन हजर.

"अवो, एवढ्यासाठी बारामती?" प्रतिक्षा म्हणाली.

"मलाबी लागतच हुतं की वहिनी."

पण तागा आमच्याच टेबलावर ठेवून गेला, स्वतःच्या दुकानात वीतभरसुद्धा नेलं नाही. विसरला असेल. गुणाचा पोरगा, पण वेंधळा. पस्तिशीला आला, अजून लग्न नाही. हल्ली छोट्या दुकानदाराला मुलगी कोण देतंय? माझ्या चहाचा त्याला फार नाद. दिवसातून दोनदा तरी येतोच.

अंगणवाडीत होते तेव्हा रोज नोंदी लिहायच्या. रिटायर झाले तरी हात ऐकत नाही, म्हणून हे लिहिते. तिथं पोरांची वजनं लिहायचे, इथं आम्हा दोघींचं लिहीन. प्रतिक्षा माझी सून. माझा मुलगा अविराज हायवेवर अपघातात गेला त्याला तीन वर्षं होत आली. त्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. निरवांगीच्या घरात ती भिंतीकडं तोंड करून बसायची. शेवटी मीच म्हटलं, तुला शिवता येतं, चल इंदापूरला, दुकान टाकू. आमचे हे शेत बघायला गावी राहिले आणि आम्ही दोघी इथं आलो. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकान तिचं, पाटीवर नाव त्याचं. अविराज बुटीक. नाव मी सुचवलं. ती बरं म्हणाली.

८ ऑक्टोबर

आज प्रतिक्षा हसली.

माऊली लेसची रिळं घेऊन आला होता. एका बाईनं त्याला मोबाइलमधला फोटो दाखवून "आकाशी न्हाय, मोरपंखी न्हाय, त्याच्या मधला" रंग मागितला, सगळं दुकान उपसायला लावलं आणि शेवटी नेला काळा. तो ते असं काही सांगत होता की प्रतिक्षानं हातातलं कापड तोंडावर धरलं. खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतेय.

बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं. मग वर जाऊन अविराजच्या फोटोपाशी बसले आणि पोटभर रडले. कशासाठी ते मलाच कळेना.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. लोणी भापकरहून प्रतिक्षाचा भाऊ रावजी आला. ओवाळून झाल्यावर त्यानं घसा खाकरला, तेव्हाच मी ओळखलं.

"मावशी, राग मानू नका. एक स्थळ हाय. माणूस बारामतीतच कामाला हाय, पयली बायको वारली..."

माझ्या हातातलं ताट तिथंच थांबलं. मी काही म्हणायच्या आत प्रतिक्षाच बोलली, "दादा, आत्यांना टाकून मी कुठं जायची न्हाय."

रावजीनं विषय सोडून दिला. निघताना मी त्याला जास्तीचे लाडू बांधून दिले. माझा जीव असा हलका झाला म्हणून सांगू. शपथच घेतली म्हणायची पोरीनं. माझ्या अविराजच्या नावानं जन्म काढणार ती. आजकाल अशी सून कुणाला मिळते?

संध्याकाळी ती खिडकीत उभी होती. सणामुळं समोरचं दुकान बंद होतं. म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही, रस्ता किती मोकळा वाटतोय आज.

२० नोव्हेंबर

लग्नसराईचा माल भरायला बारामतीला गेलो. मी, प्रतिक्षा आणि माऊली. घाऊक दुकानदारांशी त्याची ओळख आहे, म्हणून त्याला बरोबर घेतलं. प्रतिक्षा कापड मुठीत चुरगळून सोडते, तो ते उजेडात धरतो, मग दोघं एकमेकांकडं बघतात आणि मान हलवतात. मध्ये एक शब्द नाही. धंद्यात असा मेळ बसायला पाहिजे. मी स्टुलावर बसून आरामात चहा प्याले.

एका दुकानात त्यानं डाळिंबी रंगाचं कापड उचललं आणि तिच्या खांद्यापाशी धरलं. जरा वेळ तसंच धरून राहिला. "हे तुमाला..." म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "हे खपंल." गिऱ्हाइकाच्या अंगावर कसं दिसेल ते बघत असणार. आज दिवसभरात त्यानं तिला एकदाही वहिनी म्हटलं नाही. गडबडीत होता.

२६ नोव्हेंबर

प्रतिक्षानं त्या डाळिंबी कापडाचा ड्रेस शिवला आणि स्वतःच घातला. अविराज गेल्यापासून ती फिकटच घालते, म्हणून मी जरा बघतच राहिले. तर म्हणाली, "नमुना म्हणून घातलाय आत्या. बायका बघून मागत्यात."

बरोबरच आहे. बुटीकवालीच्या अंगावर चांगलं दिसलं की गिऱ्हाईक येतं. खरंच आज दोघीजणींनी तसाच मागितला. माऊली मात्र चहाला आला आणि सारा वेळ कपात बघत बसला. त्याला रंग आवडला नसावा.

१५ डिसेंबर

हे गावाकडून वांगी आणि मेथी घेऊन आले. दुकानात आले की कोपऱ्यात बसून राहतात, बोलत नाहीत. जेवताना म्हणाले, "पोरगी तिशीचीबी न्हाय अजून."

"मग?"

"काय न्हाय." घास गिळला. "त्यो समोरचा पोरगा बरा वाटतो."

"चांगलाच हाय. माझ्या चहासाठी येतो रोज."

ह्यांनी माझ्याकडं कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाले, "मीठ दे."

२० जानेवारी

माऊलीची आई गोजरबाई डाळजहून आल्या, ब्लाउज शिवायचा म्हणून. बरोबर डबाभर तिळाचे लाडू. माऊलीनं त्यांना दारात सोडलं आणि पळालाच. बाई भारी चौकस. प्रतिक्षाला जवळ बसवून घेतलं, तिचा हात हातात घेऊन बोटांवरचे सुईचे वण बघितले. माहेर कुठलं, भाकरी येती का, झोप लागती का, काय काय विचारलं. प्रतिक्षाची मान वर होईना. पोर अवघडली असेल म्हणून मीच म्हटलं, जा, तेवढी ऑर्डर पुरी कर. ती आतल्या मशीनवर जाऊन बसली.

मग गोजरबाई मला म्हणाल्या, "पोर सोन्यावानी हाय तुमची. तिच्या म्होरल्या आयुष्याचं काय ठरवलंय?"

"त्यात काय ठरवायचं?" मी म्हटलं. "तिनं शपथ घेतलीया. माझ्या अविराजच्या नावावर जन्म काढणार ती. दुसऱ्याचा इचार तिच्या मनाला शिवायचा न्हाय. आन् कुणी नुसता इषय जरी काढला ना, त्याला मी ह्या दुकानाची पायरी चढू देणार न्हाय."

आतलं मशीन थांबलं. दोरा तुटला असेल. थोड्या वेळानं परत सुरू झालं.

गोजरबाईंनी कप खाली ठेवला. मग "मानाची गोष्ट हाय," म्हणाल्या आणि उठल्या. चहा अर्धा तसाच. ब्लाउजचं माप न देताच गेल्या, कापडसुद्धा पिशवीतून काढलं नाही. सगळं घराणंच विसरभोळं दिसतंय.

२ फेब्रुवारी

माऊली चहाला येत नाही. मी हाक मारली तर "गिऱ्हाईक हाय काकू," म्हणाला. दुकानात कुणी नव्हतं. प्रतिक्षा हल्ली अस्तर आणायलाही एसटीनं बारामतीला जाते. समोर मिळतं ते तिकडून कशाला आणायचं? तर म्हणे तिथं रंग जास्त असतात. दोघांत धंद्यावरून काही झालं असणार. दुकानदाराचं दुकानदाराशी व्हायचंच. मी मध्ये पडले नाही.

२१ फेब्रुवारी

आज तिनं एका नवरीचा पैठणीचा ब्लाउज चुकीचा कापला. प्रतिक्षाचा हात कधी चुकत नाही. कापड टेबलावर पसरलेलं, हातात कात्री, आणि ती नुसती बघत उभी. निरवांगीला भिंतीकडं बघायची, तशीच. अंगावरचे कपडे ढगळ झालेत. डॉक्टरांकडं नेलं. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर म्हटलं, तो डाळिंबी ड्रेस घाल की, छान दिसतो तुला. म्हणाली, "आता त्याला गिऱ्हाईक न्हाय आत्या."

१२ मार्च

आज काय घडलं ते सरळ लिहायचं ठरवलंय.

भिगवणकडची एक मुलगी आईला घेऊन आली. प्रगती नाव. लग्नाचे पाच ब्लाउज शिवायचे होते. बोलकी, हसरी, नव्या नवरीसारखीच. मी सहज विचारलं, नवरा कुठला गं?

"डाळजचा. अवो, तुमच्या समोरच तर दुकान हाय त्यांचं! ते नकोच म्हणत हुते, बारामतीला दे म्हणत हुते. पण एकदा त्यांच्याच तोंडून निघालं, असा हात दुसऱ्या कुणाचा न्हाय. मग मी दुसरीकडं कशाला जाऊ?"

मला आनंदच झाला. वा, माऊलीचं जमलं म्हणायचं, असं म्हणायला मी प्रतिक्षाकडं वळले.

तिनं टेप त्या मुलीच्या खांद्याला लावली, आकडा बघितला आणि लिहिला नाही. परत लावली. परत बघितला. शेवटी मुलगीच वाकून बघून म्हणाली, "ताई, साडेतेरा."

"व्हय," प्रतिक्षा म्हणाली. "साडेतेरा. सुखी राहा."

माप घेताना कुणी सुखी राहा म्हणतं का? त्या मायलेकी हसल्या. मी हसले नाही. मला ते संक्रांतीतलं थांबलेलं मशीन ऐकू आलं.

१३ मार्च

काल रात्री विचारायचं धाडस झालं नाही. आज सकाळी तिच्यासमोर जाऊन बसले.

"प्रतिक्षा, माऊलीचं आन् तुझं काय हुतं?"

"काय नव्हतं आत्या."

"हुतं."

ती कापडावरचा खडू झटकत राहिली. मग म्हणाली, "ते इचारणार हुते. आधी आईला पाठवतो म्हणाले. तुमी नको म्हणालात तर इषय तिथंच संपवायचा, असं आमचं ठरलेलं."

"मग मी तसं बोलत हुते तवा तू बाहीर का न्हाय आलीस? मी शपथ घेतली न्हाय, एवढं तरी म्हणायचं."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमी किती मानानं सांगत हुता आत्या. आन् मी काय म्हणायचं हुतं? त्यांच्या आईसमोर?"

रागवली असती तर बरं झालं असतं. ती उठून मला चहा करून घेऊन आली.

१६ मार्च

प्रतिक्षाला निरवांगीला जाते म्हणून सांगितलं आणि पुण्याच्या गाडीत बसून डाळजच्या फाट्यावर उतरले. गोजरबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं. मी बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं.

"मी मागणी घालायलाच आले हुते," त्या म्हणाल्या. "लाडू काय उगं आणले व्हय? मलाबी आधी पटत नव्हतं. रांडाव पोर, त्यात जात येगळी. आमची मेंढरामागं फिरलेली माणसं, तुमी माळी. पण पोरानं हट्ट सोडला न्हाय. मनाला समजावून उठले, आन् तुमी पायरी चढू देणार न्हाय म्हणालात."

"चुकले मी. तुमच्या पाया पडते."

"पडून काय हुणार? सुपारी फुटली. आता त्या पोरीचं मोडून तुमच्या सुनेचं जोडू? तिनं काय केलंय?"

साडेतेरा खांद्याची ती हसरी पोर माझ्या डोळ्यांसमोर आली. तिनं खरंच काही केलं नव्हतं.

माऊली मला फाट्यापर्यंत सोडायला आला.

"काकू, मीच तोंडानं इचारायला पायजे हुतं. चहा पिताना रोज ठरवायचो. पण दारात आलो की वर पाटी दिसायची."

"तू इचारलं असतंस तर मी न्हायच म्हणाले असते," मी म्हटलं. आता खोटं कशाला बोलायचं?

"ठावं हाय," तो म्हणाला. रागानं नाही. "लग्नाआधीच दुकान भिगवणला हलवतोय. समोरासमोर नगं. प्रगतीला यातलं कायबी ठावं न्हाय, आन् ते तसंच राहू द्या."

गाडी आली. त्यानं माझी पिशवी वर दिली आणि पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय आशीर्वाद द्यावा ते सुचलं नाही.

४ मे

आज डाळजला लग्न.

ते पाचही ब्लाउज प्रतिक्षानं एकटीनं केले. मला एक हुकसुद्धा लावू दिला नाही. आतल्या शिलाईलाही असं नीट फिनिशिंग केलं, जे कुणाला कधी दिसणार नाही. प्रगती घालून बघायला आली होती आणि आरशासमोरून हलेना. "ताई, एका ठिकाणीबी चुणी न्हाय!" म्हणाली.

समोरचं दुकान परवाच रिकामं झालं. आम्ही आमचं उघडं ठेवलं. प्रतिक्षा सकाळपासून शाळेचे गणवेश शिवत होती. मुहूर्ताच्या सुमाराला मशीन थांबलं. या वेळी दोरा तुटला असेल असं मी म्हटलं नाही. आत गेले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि रडली. अविराज गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, की मीच तेव्हा माझ्या रडण्यातून तिच्याकडं बघितलं नव्हतं?

"आत्या, मी त्यांना कधी हातबी लावला न्हाय."

"ठावं हाय गं मला. तुझ्यावर कुणी संशय घेत न्हाय."

"तसं न्हाय." तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "लावायला पायजे हुता."

१० जून

रावजीनं बारामतीत एक छोटा गाळा बघितलाय. प्रतिक्षानं मला काल जेवताना सांगितलं, ताटात बघत.

"आत्या, त्या बंद शटरकडं बघत मला कापता येत न्हाय."

जाऊ नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, शब्द ओठांवर होता. हे गावी, अविराज तिकडं, आणि आता ही. मी कुणाचे हुक लावू? पण तिच्या गळ्याची हाडं दिसत होती, आणि ती मला विचारत होती, सांगत नव्हती. अजूनही विचारत होती.

"जा," मी म्हटलं.

"तुमीबी चला की. मला एकटीला हुणार न्हाय."

"हुईल. मी आले तर तू माझी सून म्हणूनच ऱ्हाशील. दारात येणारा माणूस आधी मला बघंल, मग तुला."

तिनं ताटं गोळा केली. मग हळूच विचारलं, "पाटी नेऊ?"

"नगं. तुझं नाव लाव."

तिनं मान खाली घातली. नको म्हणाली नाही. मला वाटलं होतं, म्हणेल.

२७ जुलै

इंदापूरचं दुकान सोडून मी निरवांगीला ह्यांच्याजवळ आले, त्यानंतर आज पहिल्यांदा वही उघडली. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. सकाळी डाळिंबाला फवारणी, दुपारी झोप, झोपेत मशीनचा आवाज.

आज बारामतीला गेले. मुद्दामच न कळवता. पिशवीत वांगी आणि ओल्या शेंगा घेतल्या. गाळा छोटाच आहे, पण काचेचं दार आहे. रस्त्याच्या पलीकडून जरा बघत उभी राहिले. प्रतिक्षा एका बाईच्या पाठीला टेप लावून काहीतरी सांगत होती. बाई हसत होती, तीही हसत होती. अंगावर गर्द हिरवा कुर्ता. गालांवर थोडं मांस आलंय. मला वाटलं, धावत जावं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवावा.

दार ढकललं. तिनं वर बघितलं.

पापणी लवायच्या आतली गोष्ट, पण मी बघितली. हसू तसंच राहिलं आणि डोळे विझले. मी एकटी आत गेले नव्हते. माझ्यामागून ते सगळं आत गेलं होतं, जे सोडून ती इथं आली. मग "आत्या!" म्हणून ती धावली आणि माझ्या गळ्यात पडली. ते काही वरवरचं नव्हतं. मला घट्ट धरलं तिनं, पिशवीतल्या शेंगा खाली सांडल्या. दोन्ही खरं होतं.

खूप केलं तिनं माझं. बाहेरून जेवण मागवलं, नवं मशीन दाखवलं, एक साडी माझ्या खांद्यावर टाकून बघितली. मी सगळं बघितलं, सगळ्याला छान म्हटलं. गिऱ्हाइकं येत होती. प्रत्येकीला ती सांगत होती, "ह्या माझ्या आत्या," आणि प्रत्येक वेळी बाई विचारायची, "म्हंजी सासूबाई?" आणि प्रतिक्षा व्हय म्हणायची आणि जराशी शांत व्हायची.

दुपार कलायला लागल्यावर मी उठले.

"आज ऱ्हावा की आत्या. उद्या जावा निवांत."

"नगं गं. शेवटची गाडी चुकंल."

तिनं आग्रह केला, पण दोनदाच. रिक्षा करून दिली, रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

स्टँडवर पोचले तेव्हा ऊन अजून अंगावर होतं. आमच्याकडची गाडी लागलेलीच होती, तिच्यामागं अजून एक होती, आणि त्यानंतरही दिवे लागेपर्यंत असतात. मी पहिल्याच गाडीत चढून बसले.